गालावर चट्टे, रात्रभर खाज: बाळाचा इसब समजून घेऊया

आमच्या लेकीला तिसरा महिना लागला आणि तिचे गाल खरखरीत झाले. आधी वाटलं थंडी, नाशिकच्या डिसेंबरात मोठ्यांचे ओठ फुटतात तिथे तिचं काय. मग गाल लाल झाले, मग त्यातून पाणी यायला लागलं, आणि कडेवर घेतलं की ती माझ्या खांद्यावर गाल घासायची, इतकं घासायची की माझ्या गाऊनवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. मग घरात निदानं सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. माझी आई फोनवर, तू वांगं खाल्लंस ना बाळंतपणात, मला माहितेय. शेजारच्या काकू म्हणाल्या दात येताना होतं असं (तिसऱ्या महिन्यात दात!). आणि मी रात्री दोन वाजता मोबाइलवर फोटो बघून बघून स्वतःलाच दोषी ठरवून मोकळी झाले होते.

डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, इसब आहे. चिठ्ठीवर लिहिलं ॲटोपिक डर्मटायटिस. मी विचारलं बरा कधी होणार, तर म्हणाले, "बरा कधी होणार हे सोडा, रोज सांभाळायचा कसा ते शिका." तेव्हा रागच आला होता. आता दोन वर्षांनी मला ते एकच वाक्य सगळ्यात कामाचं वाटतं. मी डॉक्टर नाही, पण या विषयावर मिळेल ते वाचलंय आणि डॉक्टरांचं भरपूर डोकं खाल्लंय, त्यातून जे कळलं ते सांगते.

कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे एक भिंत समजा. मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि विटांच्या मधे तेलकट लिंपण, ज्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड असलं सगळं असतं. लिंपण नीट असलं की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू बाहेर राहतात. इसबाच्या बाळाची ही भिंत मुळातच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन आहे, ते या थराला बळकटी देतं आणि पुढे त्याचेच तुकडे पडून कातडीत ओलावा धरून ठेवणारी द्रव्यं तयार होतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे प्रोटीन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असेल तर इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. इसबाच्या प्रत्येक बाळात तो बिघाड सापडतोच असं नाही, पण घराण्यातून येणारी गोष्ट आहे हे पक्कं. आमच्याकडे बाबाला लहानपणी दमा, मला दरवर्षी सर्दी-शिंका, आणि आम्ही दोघं मिळून दोष देतोय वांग्याला!

तर भिंत गळकी. पाणी उडून जातं, कातडी कोरडी पडते, फटींतून नको त्या गोष्टी आत शिरतात, शरीराची फौज तिथे धावून येते, सूज येते, लाली येते, आणि खाज सुटते. बाळ खाजवतं किंवा घासतं, त्याने भिंत आणखी पडते, आणखी आत शिरतं, आणखी खाज. हे चक्र आहे आणि पुढे जे काही सांगणारे ते सगळं हे चक्र कुठेतरी तोडण्यासाठीच. सासूबाईंच्या उष्णतेचं म्हणाल तर बाहेर पडतंय ते पाणी पडतंय, आणि ते पडू देऊन चालत नाही.

अजून एक ऐकलेलं असेल तुम्ही, इसब दाबला की तो आत जातो आणि दमा होतो. यात अर्धं निरीक्षण खरं आहे. इसब झालेल्या काही मुलांना पुढे दमा किंवा नाकाची ॲलर्जी होते, डॉक्टर लोक त्याला ॲटोपिक मार्च म्हणतात, म्हणजे एकामागून एक येणारी रांग. पण ती रांग एकाच अंगभूत प्रवृत्तीतून येते, मलम लावल्यामुळे नाही. त्यामुळे दमा होईल या भीतीने बाळाला खाजवत ठेवायचं यात काहीही अर्थ नाही.

आता प्रत्येक लाल पुरळ म्हणजे इसब नाही, हे आधी बघून घ्या. तान्ह्या बाळांत इसब बहुतेक वेळा दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात सुरू होतो, गाल, कपाळ, डोकं, हातापायांच्या बाहेरच्या बाजू. गंमत म्हणजे नाकाचा शेंडा बहुतेकदा साफ असतो आणि लंगोटाखालची जागा पण, कारण तिथे ओल असते. रांगायला-चालायला लागल्यावर तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत जाऊन बसतो. पहिल्याच महिन्यात टाळूवर पिवळी तेलकट खपली आली आणि बाळ मजेत आहे, खाजवत नाही, तर ते वेगळं, ते आपोआप जातं. मे महिन्यात मानेवर-पाठीवर बारीक पुळ्या म्हणजे घामोळं. गोल चट्टा, कडा उठलेली आणि मधे साफ असेल तर गजकर्ण असू शकतं. आणि तळहात-तळपायावर, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या आणि घरातली मोठी माणसंही रात्री खाजवतायत, तर ती खरूज, तिचा उपचार पूर्ण वेगळा आणि सगळ्या घराला एकदम घ्यावा लागतो. अजून एक, नेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या बाळांचे असतात. आपल्या सावळ्या बाळांत ती भडक लाली दिसतच नाही, चट्टा तपकिरी, जांभळट किंवा नुसता राखाडी खरखरीत दिसतो. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा, हात फिरवला की काचकागदासारखं लागतं.

आंघोळीची भानगड

इथे खरं युद्ध झालं आमच्याकडे, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

न्हाऊ घालणाऱ्या मावशी यायच्या. माणूस सोन्यासारखं, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव, अख्ख्या गल्लीतली पोरं त्यांच्या पायांवर वाढलेली. पद्धत ठरलेली: तेलाने दणदणीत मालिश, मग डाळीचं पीठ आणि साय लावून अंग घासून काढायचं म्हणजे लव जाते, मग वाफा निघणारं पाणी, मग साबण, मग वेखंडाची पूड, आणि शेवटी शेगडीवर ओवा, वावडिंग, धूप टाकून धुरी. चांगल्या कातडीची बाळं हे सगळं सोसतात आणि छान झोपतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पण गळक्या भिंतीला यातली जवळजवळ प्रत्येक पायरी नडते.

कडक पाण्याने उरलंसुरलं तेलकट लिंपणही निघून जातं. कातडी मुळात थोडी आंबट असते, तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५ च्या आसपास, आणि साध्या वडीच्या साबणाचा ९-१०, म्हणजे रोज त्या आंबटपणावर पाणी फिरवायचं, आणि तो आंबटपणा गेला की जंतूंना रान मोकळं. पिठाने घासणं म्हणजे फाटलेल्या कापडाला ब्रश मारणं. धुराने कातडीलाही त्रास आणि छातीलाही, ज्या बाळाकडे दम्याची प्रवृत्ती असू शकते त्याला तर नकोच नको. वेखंड, टाल्कम पावडर, दोन्ही कोरडेपणा वाढवतात, आणि पावडर श्वासातून आत जाते ते वेगळंच.

मग करायचं काय, तर कोमट पाणी, कोपर बुडवून बघायचं, गरम लागलं नाही पाहिजे. पाच ते दहा मिनिटं, बास. रोज आंघोळ घालायला हरकत नाही, पाणी वाईट नाही, आंघोळीनंतर अंग तसंच कोरडं सोडणं वाईट. साबणाऐवजी बिनवासाचा, साबण नसलेला क्लेन्झर, आणि तोही फक्त मान, बगल, जांघा, ढुंगण इथे, बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं, तीन महिन्यांचं बाळ काय शेतात कामाला जातं का. पंचाने घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर थापायचं. डबा बाथरूमच्या दाराशीच ठेवा, नाहीतर तीन मिनिटं कुठे जातात कळत नाही. आंघोळीच्या पाण्यात टाकायची महागडी तेलं मिळतात, ती मी घेतली होती, नंतर वाचलं की ब्रिटनमध्ये २०१८ साली बेद (BATHE) नावाच्या मोठ्या चाचणीत त्यांचा काही वेगळा फायदा दिसलाच नाही. गेले पैसे.

मावशींना "तुमचं चुकतंय" असं म्हणून काही होत नाही, उलट घरात दोन पार्ट्या पडतात. आमच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी कामाला आली. मी डॉक्टरांना सांगून "कोमट पाणी, पीठ नको, धूर नको" असं चिठ्ठीवरच लिहून घेतलं आणि ती चिठ्ठी सासूबाईंच्या हातात दिली. मालिश बंद नाही केली, हलक्या हाताने ठेवली, त्यामुळे मावशींचा मानही राहिला आणि लेकीला ती आवडायचीही.

मालिशच्या तेलाबद्दल. बाळ झालं की परदेशातलं कुणीतरी ऑलिव्ह ऑइलचा डबा आणतंच. ते सॅलडमध्ये घाला. शेफिल्डच्या संशोधकांनी २०१३ साली मोठ्या माणसांच्या कातडीवर ते लावून बघितलं तर भिंत सुधारायच्या ऐवजी बिघडली, सूर्यफुलाच्या तेलाने मात्र तसं नुकसान झालं नाही. मोहरीचं तेल तर कच्च्या कातडीला झोंबतंच. खोबरेल त्यामानाने बरं, शुद्ध खोबरेलाचा सौम्य इसबात उपयोग झाल्याचं एका चाचणीत दिसलंय, पण तेलाला मॉइश्चरायझरची जागा देऊ नका. आणि शेंगदाण्याचं तेल फुटलेल्या कातडीवर नको, का ते पुढे खाण्याच्या भागात येतं.

रोजचं सारवण

माझ्या आजोळी मातीची जमीन होती. आजी दर चार-आठ दिवसांनी सारवायची, आणि कुणी तिला विचारलं नाही की एकदा सारवलं तर परत का. मॉइश्चरायझर हे असंच सारवण आहे. चट्टे गेले म्हणून बंद केलं की आठवड्यात परत, मी हे तीनदा करून बघितलंय.

कुठलं घ्यायचं यावर लोक फार वेळ घालवतात. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम असे चार प्रकार वापरून बघितले, २०२२ साली निकाल आला, चारही सारखेच निघाले. म्हणजे जे बाळाला झोंबत नाही, तुम्हाला परवडतं आणि दिवसातून दोन-तीनदा लावायचा कंटाळा येत नाही ते बेस्ट. वास नको, ही एकच अट खरी. "बेबी" लिहिलंय, "हर्बल" लिहिलंय, म्हणून चांगलं असं काही नसतं, कितीतरी बेबी लोशन अत्तराच्या दुकानासारखी घमघमतात. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त आणि उत्तम, फक्त मुंबई-कोकणातल्या दमट उन्हाळ्यात तिच्याखाली घाम अडकतो आणि बाळ चिडतं, तिथे हलकं क्रीम घ्या, आणि नागपूर-नाशिकच्या कोरड्या थंडीत जाड मलम.

किती लावायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही. आपण ५० ग्रॅमची ट्यूब आणतो आणि महिनाभर पुरवतो, तिळाएवढं तिळाएवढं. ब्रिटिश सरकारी मार्गदर्शक सूचना मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम म्हणतात! तान्ह्या बाळाचं अंग छोटं, त्याला त्यापेक्षा कमी लागेल, पण मुद्दा कळला ना, लावल्यावर अंग चकाकलं पाहिजे. मोठा डबा घ्या, त्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर डब्यातच जंतू वाढतात. केसांच्या दिशेने वरून खाली हलकं फिरवायचं, चोळायचं नाही. आणि एक धोक्याची गोष्ट, पेट्रोलियम जेली-पॅराफिन कपड्यांत, दुपट्यांत मुरतं आणि असं कापड आग चटकन पकडतं, म्हणजे देवापुढचं निरांजन, शेगडी, काडेपेटी यांपासून लांब. धुरी बंद करायला सासूबाईंना हेच कारण सगळ्यात पटलं.

दुसरं बाळ होणार असेल तर पहिल्या दिवसापासून क्रीम लावून इसब टाळता येईल का, हा प्रश्न मलाही पडला. त्यावर बीप नावाची चाचणी झाली, इसबाची शक्यता जास्त असलेली सुमारे १४०० नवजात बाळं, अर्ध्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर. २०२० साली निकाल आला, दुसऱ्या वर्षी इसब एका गटात २३ टक्के आणि दुसऱ्यात २५, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. झालेला इसब सांभाळायला सारवण लागतं, पण न झालेला ते टाळत नाही. तेव्हा "तू आधीपासून लावलं असतंस तर" म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

स्टिरॉइड

चट्टा पेटलेला असतो, लाल, सुजलेला, पाणी सुटणारा, तेव्हा नुसतं सारवून भागत नाही, आधी आग विझवावी लागते. ती विझवणारं औषध म्हणजे स्टिरॉइडचं मलम. आणि या शब्दाला आपण दोन टोकांनी वागवतो. एक टोक, स्टिरॉइड ऐकलं की ट्यूब कपाटात, बाळ महिनाभर रात्री रडतंय पण मलम नाही. दुसरं टोक, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "खाजेचं काहीतरी द्या" आणि तो देईल ते दोनदा रोज. मी पहिल्या टोकाची. माझी चुलत नणंद दुसऱ्या.

स्टिरॉइड एक नसतं, त्यात सौम्यपासून जहालपर्यंत पायऱ्या आहेत. बाळाच्या चेहऱ्याला डॉक्टर बहुतेकदा १ टक्का हायड्रोकॉर्टिझोनसारखं सगळ्यात सौम्य देतात, काही दिवसांसाठी, ठरावीक चट्ट्यांवर. मात्रा मोजायला सोपी पद्धत आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढायची, ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन पंज्यांएवढी जागा होते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या चेहरा-मानेला मिळून १ रेघ, एका हाताला १, एका पायाला दीड, असा हिशोब असतो. डॉक्टरांनी "पातळ थर" म्हटलं की आपण पुसल्यासारखं लावतो, मग आठ दिवसांत जे व्हायचं ते महिन्यात होत नाही, आणि वर म्हणतो औषध लागू पडत नाही. असं नीट वापरलं तर कातडी पातळ व्हायचा धोका खूप कमी असतो. मॉइश्चरायझर आणि हे मलम लगेच एकावर एक लावू नका, पंधरा मिनिटं-अर्धा तास जाऊ द्या.

आता नणंदेची गोष्ट. मेडिकलवाल्याने दिलेलं मलम अफलातून निघालं, तीन दिवसांत गाल कोरे. मग परत आलं, परत लावलं, असं चार-पाच महिने, लंगोटाच्या जागीही. त्या ट्यूबमध्ये जहाल स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र होतं. बाळाचे गाल गोल गरगरीत झाले आणि सगळे म्हणायला लागले, बघा काय बाळसं धरलंय. ते बाळसं नव्हतं. जहाल स्टिरॉइड तान्ह्याच्या पातळ कातडीतून, आणि त्यातही लंगोटाखाली झाकलेल्या जागेतून, रक्तात जातं, चेहरा सुजतो, वाढ थांबते, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं बंद करतं. मग ते एकदम बंदही करता येत नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याचा नियम कडक केला, पण कोपऱ्यावर काय चालतं ते आपण सगळे जाणतो. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं नाव दिसलं आणि ते बाळाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल तर लावू नका. एवढं एक करा.

आणि ती बिनलेबलची पांढरी डबी, "शंभर टक्के आयुर्वेदिक, काही साइड इफेक्ट नाही". १९९९ साली लंडनच्या डॉक्टरांनी इसबासाठी विकली जाणारी अकरा चिनी जडीबुटीची क्रीम तपासली, आठांत डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टिरॉइडच. कुठलंही "नैसर्गिक" मलम दोन दिवसांत जादू करत असेल तर मला आता पहिली शंका तीच येते.

ॲलर्जीच्या सिरपबद्दलही विचारतात लोक. इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनची (ॲलर्जीत शरीर सोडतं ते द्रव्य) नसते, त्यामुळे त्या सिरपने खाज फारशी जात नाही, बाळ पेंगतं फक्त. तान्ह्याला स्वतःच्या मनाने देऊ नका.

आईच्या ताटातली धरपकड

मी दीड महिना अंडी, दही, शेंगदाणे, वांगं, गवार, आंबट, डाळ सगळं बंद केलं होतं. भात, तूप, दुधी. वजन उतरलं, केस गळाले, चिडचिड, आणि लेकीच्या गालांना काडीचा फरक नाही. इसबाचं मूळ कातडीत आहे, बहुतेक बाळांत खाण्यात नाही. काही बाळांना, विशेषतः इसब लवकर सुरू झालेला आणि जोरदार असेल त्यांना, खाण्याची ॲलर्जी सोबत असू शकते, पण ती ओळखायची खूण वेगळी: ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी. सरसकट रक्ताचं ॲलर्जी पॅनल करू नका, त्यात पॉझिटिव्ह आलं म्हणजे ॲलर्जी आहेच असं नसतं, आणि त्या कागदावरून दहा पदार्थ बंद झालेली कुपोषित बाळं डॉक्टरांना बघावी लागतात.

उलट शेंगदाण्याची गोष्ट ऐका. पूर्वी सांगायचे ॲलर्जीच्या घरातल्या बाळाला शेंगदाणा उशिरा द्या. लंडनमध्ये लीप नावाची चाचणी झाली, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, चार ते अकरा महिन्यांची. अर्ध्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, अर्ध्यांना टाळायला लावला. २०१५ साली निकाल आला तर पाचव्या वर्षापर्यंत खाणाऱ्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी! याचं स्पष्टीकरण मला फार आवडतं. पदार्थ तोंडातून, म्हणजे दारातून आला तर शरीर त्याला पाहुणा समजतं. फुटलेल्या कातडीतून, भिंत फोडून आला तर चोर समजतं आणि लक्षात ठेवतं. म्हणून फुटलेल्या गालावर शेंगदाण्याचं तेल नको, डाळीचं पीठ, दूध-साय, बदाम नको, आणि सहाव्या महिन्यात वरचं सुरू केलं की हेच पदार्थ उगाच लांबवू नका. फक्त इसब जोरात असेल तर अंडं आणि शेंगदाणा पहिल्यांदा द्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला, आणि शेंगदाणा नेहमी कूट-पेस्ट करून, पातळ करून, अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो.

बाकी बारीकसारीक. जुनं धुतलेलं सुती आणि मलमलचं झबलं सगळ्यात छान, आजीने विणलेलं लोकरीचं टोपडं-स्वेटर घालायचंच तर आत सुती घालून. नवे कपडे आधी धुवा, पावडर कमी टाका, एक पाणी जास्त काढा. काळा दोरा, मनगट्या, वाळे यांच्याखाली घाम आणि घाण साठते, दृष्टीची काळजी असेल तर तीट कपाळाऐवजी चट्टा नसलेल्या जागी लावा. नखं कापलेली. रात्री खूप गुंडाळू नका, गरम झालं की खाज वाढते. लाळ गळते तिथे जेवणाआधी हनुवटीला जेलीचा हात. बोअरचं जड पाणी असेल तर कातडीला त्रास होऊ शकतो, पण म्हणून पाणी मऊ करणारं हजारो रुपयांचं सॉफ्टनर घेऊ नका, २०११ च्या ब्रिटिश चाचणीत त्याने इसबाला फरक पडला नव्हता. लसी सगळ्या वेळेवर द्यायच्या, इसबामुळे नेहमीची कुठलीही लस थांबत नाही.

डॉक्टरांकडे कधी पळायचं हे मात्र पाठ करा. चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली, पू, आजूबाजूला गरम आणि दुखरं, म्हणजे जंतुसंसर्ग, त्याच दिवशी दाखवा. आणि एकदम उठलेले एकसारखे छोटे पाण्याचे फोड किंवा छिद्र पाडल्यासारख्या खोल जखमा, सोबत ताप, बाळ मलूल, दूध पीत नाही, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. हा नागिणीच्या जातीतल्या हर्पिसचा संसर्ग असू शकतो आणि गळक्या भिंतीवर तो झपाट्याने पसरतो. म्हणून ज्याच्या ओठावर ताप उतरताना येतात तसले फोड आलेत त्याने बाळाची पापी घ्यायची नाही, मग तो लाडका मामा का असेना. आमच्या बारशाला मी हे दारातच सांगितलं, दोन माणसं रुसली, रुसू देत.

आता लेक सव्वादोनची आहे. गाल साफ, फक्त थंडीत गुडघ्यांमागे उठतं. बऱ्याच मुलांचा इसब वय वाढेल तसा कमी होत जातो, काहींचा रेंगाळतो. जिथे जिथे चट्टे होते तिथे मागे फिकट पांढुरके डाग राहिले होते, त्यावरून नवीन निदानं निघाली, कॅल्शियम कमी आहे, जंत झालेत, आणि एका बाईंनी तर बाजूला घेऊन हळूच कोड आहे का विचारलं. सूज येऊन गेलेल्या जागी रंग काही काळ फिका पडतो इतकंच, आपल्या सावळ्या कातडीवर तो उठून दिसतो, कोडासारखा दुधाळ पांढरा नसतो, कडाही पुसट असतात. काही महिन्यांत भरून येतो. आमचा डाव्या गालावरचा शेवटचा डाग जायला सात महिने लागले, आणि तोवर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगायला लागल्या होत्या, "उष्णता नाही हो ती, तिची भिंत कच्ची आहे."